इसबाचं औषध लागू पडायलंय का, हे कसं ओळखायचं

इसब असला की सगळे एकच विचारतात, फरक पडला का? आणि आपण हाताकडं बघून सांगून टाकतो, हो थोडा आहे. मी कित्येक वर्षं असंच सांगत होतो आणि त्या नादात एका उन्हाळ्यात महिन्याभरात तीन मलमं बदलली, एकही पाच दिवसांच्या वर लावलं नाही, मग कशानं उतरला अन् कशानं वाढला काहीच कळेना. म्हणून जे उशिरा कळलं ते सांगायलो.

आधी तर डागावरून ठरवू नका. आपल्या सावळ्या कातडीवर इसब लालभडक दिसतोच असं नाही, जांभळट दिसतो, करडा दिसतो, आणि आतली सूज गेली तरी काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. डाग जाईना म्हणून लोक चांगलं लागू पडलेलं औषध सोडून देतात, याचं मला लई वाईट वाटतं. डोळे मिटून बोट फिरवा, खरखरीत जाड लागतंय का मऊ, ते बघा.

मग मोजा. दर रविवारी, भिंतीवरच्या कॅलेंडरवर जिथं दुधाचा हिशेब लिहितो तिथंच. पोएम नावाची एक प्रश्नावली आहे, डॉक्टर लोक वापरतात, तिच्यात सातच गोष्टी आहेत: खाज, झोपमोड, रक्त येणं, पाणी सुटणं, भेगा, पापुद्रे निघणं, आणि कोरडं खरखरीत लागणं. मागच्या 7 दिवसांत प्रत्येक गोष्ट किती दिवस झाली? एकही दिवस नाही तर 0, 1-2 दिवस असेल तर 1, 3-4 दिवसाला 2, 5-6 ला 3, रोजच असेल तर 4. बेरीज जास्तीत जास्त 28 होते. 8 ते 16 म्हणजे मध्यम, 17 पासून पुढं जोराचा. आकडा एक-दोननं हलला तर मनावर घेऊ नका, तीन-चारनं किंवा जास्त उतरला तर खरा फरक धरा. मी स्वतः झोपेकडं आधी बघतो, कारण खाज दिवसा कामात विसरते, रात्री विसरत नाही. लेकरू असेल तर सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके बघा, ते सांगू शकत नाही पण चादर सांगते.

घाई पण करू नका. स्टेरॉइडचं मलम नीट लावलं तर साधारण एक-दोन आठवड्यात उतार दिसायला पाहिजे. नीट म्हणजे मोठ्या माणसाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची एक रेघ, तेवढं दोन तळहाताएवढ्या जागेला. आपण घाबरून मोहरीएवढं लावतो अन् म्हणतो लागू पडंना. टॅक्रोलिमस हे स्टेरॉइड नसलेलं मलम लावलं की सुरुवातीचे काही दिवस आग होते, ते बिघडलं म्हणून नाही. डुपिलुमॅबचं इंजेक्शन चालू असेल तर डॉक्टर साधारण 16 आठवड्यांनी हिशेब बघतात.

आकड्याशेजारी दोन शब्द लिहीत जा, म्हणजे घाम, टँकरचं पाणी, सोयाबीनची मळणी, नवीन साबण, असं काही. वैशाखात घामानं वाढलेला इसब पाऊस पडल्यावर आपोआप उतरतो आणि श्रेय जातं त्या आठवड्यात आणलेल्या औषधाला. उलटं पण होतं, पावसाळ्यात बांधावर गाजर गवत माजतं, त्याची ॲलर्जी असणाऱ्याचं तोंड-मान पेटते, अन् बोल लागतो औषधाला.

मेडिकलवरून स्वतःच्या मनानं स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब आणून खाज थांबली, तर त्यावर भरवसा ठेवू नका. तो इसब नसून नायटा असेल तर आठवडाभर बरं वाटतं आणि पसरत जातो, कडा गोल अन् वाढत्या दिसल्या तर दाखवा. गोळी-इंजेक्शनच्या स्टेरॉइडनं पण काही दिवसांत चकाचक होतं, बंद केलं की दुपटीनं उसळू शकतो. पिवळी खपली, पू, ताप, किंवा एकसारख्या आकाराचे, दुखणारे छोटे फोड आले तर रविवारची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडं जा.

चार रविवार झाले की कॅलेंडरच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून डॉक्टरला दाखवा, सोबत संपलेल्या ट्यूब पण न्या, किती लावलं ते त्यावरून कळतं.