आईचा कप, सुतारकाकांचा टेप: घरातली मापं जुळवायची कशी

आमच्या स्वयंपाकघराचं काम निघालं तेव्हा सात आठवडे मी हॉलमधल्या घडीच्या टेबलावर स्वयंपाक केला. टेबलाच्या एका टोकाला शेगडी, वजनकाटा आणि आईची पाककृतींची वही. दुसऱ्या टोकाला सुतारकाकांचे कागद, पेन्सिल आणि टेप. त्या सात आठवड्यांत केकही बिघडला आणि फ्रीजची जागाही चुकली. कारण शोधत गेले तेव्हा दोन्हीकडे एकच निघालं. मोजलेलं बरोबर होतं, पण आकडा एका हातातून दुसऱ्या हातात जाताना त्याच्यासोबत जायला हवं होतं ते मागे राहिलं होतं. तो आकडा धड पोचवायचा कसा, त्यासाठी हे लिहिते आहे.

आधी केक. आईच्या वहीत तीन कप मैदा, दीड कप साखर, एक कप दूध, तीन अंडी असं लिहिलंय. माझा केक कायम घट्ट व्हायचा. सगळंच कपाने मोजायचं तर कप लहान असो की मोठा, प्रमाण तेच राहणार असं मी धरून चालले होते. त्या दिवशी मैदा चाळता चाळता आईला विचारलं, "आई, हा कप कुठला गं?"

"कुठला म्हणजे? तो निळा. कान तुटलेला."

निळा कप खोक्यात सापडला. रिकामा काट्यावर ठेवला, काटा शून्यावर आणला आणि कप काठोकाठ पाण्याने भरला. २१२ ग्रॅम. एक मिलिलिटर पाण्याचं वजन जवळपास एक ग्रॅम असतं, म्हणजे कप २१२ मिलिलिटरचा. माझा कप २५० चा. माझ्या केकात मैदा, साखर, दूध सगळं जवळपास १८ टक्के जास्त पडत होतं. अंडी मात्र तीनच, कारण अंडी कपाने मोजत नाहीत, आणि बेकिंग पावडर चमच्याची. पाककृतीत एक जरी वस्तू नगावर मोजलेली असली, तरी कप बदलला की प्रमाण मोडतं. भांडंही तेच वापरलं तर त्यात आणखी भर, कारण मिश्रण जास्त आणि जागा तेवढीच.

म्हणून पहिलं काम हे करा. घरातला प्रत्येक कप, वाटी आणि मोठा चमचा एकदा पाणी भरून काट्यावर तोला आणि आकडा लिहून ठेवा. अर्धा तास लागतो. बाहेरची पाककृती वाचतानाही कप कुणाचा ते बघा: अमेरिकन कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, मेट्रिक कप २५० चा, जपानी कप २०० चा, आणि भाताच्या इलेक्ट्रिक कुकरसोबत येतो तो १८० चा. छोटा चमचा ५ मिलिलिटर आणि मोठा १५ हे बहुतेक ठिकाणी चालतं, पण ऑस्ट्रेलियात मोठा चमचा २० चा असतो. बेकिंग पावडर मोठ्या चमच्याने सांगितली असेल तर हा फरक केकात दिसतो.

पुढची पायरी वजनाची. पाणी आणि दूध कपाने मोजलं तर फार बिघडत नाही. पिठाचं तसं नाही. एकाच अमेरिकन कपात मैदा चमच्याने हलकेच भरला तर साधारण १२० ग्रॅम बसतो, कप डब्यात खुपसून दाबून भरला तर १५० च्या आसपास जातो. हात तोच, कप तोच, आणि फरक पाव भागाचा. साखर दाबली तरी फारशी दबत नाही, कपाला साधारण २०० ग्रॅम. मिठाचा फरक दाण्यावर आहे: बारीक मीठ छोट्या चमच्यात ६ ग्रॅमच्या आसपास बसतं, पापुद्र्यांचं मीठ त्याच्या निम्मंही भरू शकतं. पीठ आणि साखर तोलायचीच, असा माझा आग्रह आहे. पण घरचा काटा एकेक ग्रॅमने आकडा बदलतो, त्यामुळे दोन ग्रॅम यीस्टसारख्या गोष्टींना त्याच्यावर विसंबू नका. तिथे चमचाच बरा.

मापातून वजनात जाताना ज्या आकड्याने गुणतो, त्यालाही एकक असतं, हे लक्षात ठेवायला मला एका विमानाची गोष्ट उपयोगी पडते. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाचं एक बोइंग ७६७ साधारण ४१,००० फुटांवर असताना त्याचं इंधन संपलं. कॅनडा तेव्हा मेट्रिक पद्धतीकडे वळत होता आणि हे नवं विमान किलोग्रॅमवर चालायचं. टाकीत किती लिटर इंधन आहे ते नीट मोजलं होतं. लिटरचे किलो करायला सुमारे ०.८ ने गुणायचं होतं. गुणलं गेलं १.७७ ने, जो एका लिटरमागे पौंडांचा आकडा होता. २२,३०० किलो हवं होतं, आणि प्रत्यक्षात निम्म्याहूनही कमी घेऊन विमान उडालं. वैमानिकांनी ते इंजिनांशिवाय तरंगत गिम्लीच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं आणि सगळे वाचले. तेव्हापासून मी वहीत नुसतं "१२०" लिहीत नाही, "मैदा, १ कप = १२० ग्रॅम" असं पूर्ण लिहिते.

भांडं बदलताना व्यासावर जाऊ नका. २० सेंटीमीटरच्या गोल भांड्याऐवजी २५ चं घेतलं तर पाव भाग वाढला असं वाटतं, पण व्यासाचा वर्ग करायचा असतो: ४०० आणि ६२५, म्हणजे दीडपटीहून जास्त. आणि २० सेंटीमीटर बाजूच्या चौकोनी भांड्यात तितक्याच व्यासाच्या गोल भांड्यापेक्षा साधारण सव्वापट मावतं. ओव्हनच्या तापमानाबद्दल एवढंच, की ३५० फॅरनहाइट म्हणजे १७७ सेल्सियस, १८० धरलं तरी चालतं. पण "२५ फॅरनहाइटने कमी करा" असं असेल तर त्यातून ३२ वजा करू नका. तो फरक आहे, तापमान नाही. तो १४ सेल्सियस होतो.

आता फ्रीजकडे येते, कारण त्याने मला सगळ्यात जास्त शिकवलं. फ्रीजची रुंदी ६०० मिलिमीटर. मी मनात म्हटलं, दोन फूट म्हणजे ६०९.६, बसेल. कागदावर लिहिलं, "फ्रीज, २ फूट". सुतारकाकांनी बरोबर दोन फुटांचा खण केला, बाहेरून बाहेर. दोन्ही बाजूंना १८ मिलिमीटरची फळी. आत उरले ५७३ मिलिमीटर आणि थोडं.

"ताई, तुम्ही आतून की बाहेरून, ते सांगितलंच नव्हतं," काका म्हणाले. खरंच नव्हतं सांगितलं. आणि सांगितलं असतं तरी माझे दोन फूट चूकच होते, कारण फ्रीजला दोन्ही बाजूंना हवा खेळायला आणि दार उघडायला जागा लागते. ती किती, ते फ्रीजच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, ते मी वाचलंच नव्हतं. खण मोडून ६४० चा केला, आतून.

त्यानंतर आम्ही दोघांनी ठरवलं की कागदावर प्रत्येक मापाशी चार गोष्टी लिहायच्याच: एकक, आतून की बाहेरून, रुंदी, उंची, खोली याच क्रमाने, आणि काम पुरं झाल्यानंतरचं माप की आत्ताचं. तोंडी सांगताना एकाने म्हणायचं, दुसऱ्याने परत उच्चारायचं, मगच लिहायचं.

एकक एकच ठेवा. मी मिलिमीटर धरला, कारण त्यात साडे, पाऊण, सव्वा येत नाहीत आणि दशांशाचं टिंबही नसतं. काकांचं डोकं मात्र इंच आणि सुतात चालतं. एका इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत ३.१७५ मिलिमीटर. "सूत म्हणजे तीन मिलिमीटर" हे एका सुताला चालतं. आठ सुतांना २४ धरले की दर इंचामागे १.४ मिलिमीटर गळतात, कारण इंच बरोबर २५.४ चा आहे. चाळीस वर्षं सुतात काम केलेल्या माणसाला मिलिमीटर शिकवायला जाऊ नका. एकाच टेपवर दोन्ही बाजू छापलेल्या असतात. बोट ठेवा, त्याने त्याची बाजू वाचावी, तुम्ही तुमची, आणि दोन्ही लिहा.

टेपही एकच ठेवा. माझा टेप आणि काकांचा टेप दोन मीटरवर तीन मिलिमीटरने वेगळे निघाले. माझा बऱ्याचदा पडून त्याचा हुक वाकला होता. टेपच्या टोकाचा हुक थोडा सैल हलतो, तो बिघाड नाही. हुक जेवढा जाड, तेवढाच तो सरकतो: फळीला अडकवून ओढला की बाहेर येतो, भिंतीला टेकवला की आत जातो, आणि दोन्ही वेळा माप बरोबर येतं. त्यामुळे तो ठोकून घट्ट करू नका. हुकावर भरवसा नसेल तर १०० च्या खुणेपासून मोजा आणि आलेल्या आकड्यातून १०० वजा करा. हे वजा करणं विसरलं की दहा सेंटीमीटरची चूक होते, म्हणून दोन्ही आकडे लिहा, वाचलेलाही आणि वजा केलेलाही.

भिंती सरळ असतात असं गृहीत धरू नका. कोनाडा वर, मध्ये आणि खाली असा तीन ठिकाणी मोजा, आणि आत काही बसवायचं असेल तर सगळ्यात लहान आकडा घ्या. आमच्या एका भिंतीला ओळंबा लावला तर वरून खालपर्यंत ११ मिलिमीटरचा फरक होता. कोपरा काटकोनात आहे का, ते मोठ्या जागेत गुण्याने (काटकोन तपासायच्या सुताराच्या पट्टीने) कळत नाही. एका भिंतीवर कोपऱ्यापासून ९० सेंटीमीटरवर खूण करा, दुसरीवर १२० वर. दोन खुणांमधलं अंतर १५० भरलं तर कोपरा काटकोनी.

ओट्याची उंची मोजताना सगळ्यांची एकच चूक होते: ती जुन्या जमिनीपासून मोजतात. नवी लादी आणि तिच्याखालचा थर मिळून आमच्याकडे ३५ मिलिमीटर वाढणार होते. तेवढा ओटा ठेंगणा झाला असता आणि माझी पाठ रोज दुखली असती. उंची किती ठेवायची, ते जो रोज तिथे उभा राहणार त्याच्या कोपरावर ठरवा. हात दुमडून सरळ उभं राहायचं, कोपरापासून जमिनीपर्यंत मोजायचं आणि त्यातून १० ते १५ सेंटीमीटर वजा करायचे. माझं कोपर ९८ वर, ओटा ८५ वर आला. पण हे सगळं पायाखाली लादी येईल त्या पातळीपासून. त्यासाठी पारदर्शक नळीत पाणी भरून खोलीच्या चारही भिंतींवर एक आडवी रेघ मारून घ्या, होणाऱ्या लादीपासून बरोबर एक मीटर वर. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, तो राहिला की पातळी फसवी दिसते. पुढे ओटा, स्विच, नळ, कपाटं, सगळं त्या रेघेपासून वर किंवा खाली मोजायचं. जमीन उखडलेली असो की झाकलेली, रेघ तिथेच असते.

फळ्या कापून घेताना करवतीच्या पात्याची जाडी धरा. २४४० मिलिमीटरच्या प्लायमधून ४८८ चे पाच तुकडे कागदावर अगदी नेमके बसतात. प्रत्यक्षात चार काप पडतात, दर कापाला साधारण तीन मिलिमीटर भुसा होऊन जातो, आणि शेवटचा तुकडा १२ मिलिमीटरने आखूड येतो. लाद्यांना क्षेत्रफळावर दहा टक्के जास्त धरा, तिरप्या बसवणार असाल तर पंधरा. चौरस मीटरचे चौरस फूट करायला १०.७६ ने गुणायचं, ३.२८ ने गुणलं तर लाद्या एकतृतीयांशच येतील.

आणि काही मापं आकड्यात न आणलेलीच बरी. कपाटाच्या फळ्यांची अंतरं ठरवताना काकांनी एक लांब काठी आणली आणि मला म्हणाले, "ताई, तुमची भांडी इथे उभी करा." सगळ्यात उंच पातेलं, डबे, केकची भांडी, एकेक करून काठीशेजारी ठेवली, वर हात आत जाईल एवढी जागा सोडली आणि काठीवर पेन्सिलने खुणा केल्या. तीच काठी कपाटात उभी करून त्यांनी फळ्या ठोकल्या. कुणी काही वाचलं नाही, लिहिलं नाही, कशानेही गुणलं नाही. सगळ्या कामात एकही मिलिमीटर न चुकलेली गोष्ट ती एकच.

काठी अजून कपाटामागे आहे. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला मी एक कागद चिकटवलाय. त्यावर निळा कप २१२ मिलिलिटर, मोठी वाटी १७०, आईच्या केकला मैदा ३१५ ग्रॅम, आणि खाली फ्रीजचा खण, आतून, ६४० मिलिमीटर. आई परवा आली होती. तिने कागद वाचला, निळा कप काढला आणि न बघता त्यात मैदा भरला. मी तो कप काट्यावर ठेवला आणि काटा जे म्हणाला ते तिच्या वहीत "एक कप"च्या शेजारी पेन्सिलने लिहिलं: १०५ ग्रॅम, आईच्या हाताने भरलेला.