ड जीवनसत्त्वाची गोळी: कधी, कशी, किती

कोकणात जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं, आणि एरवीही दुपारची कामं सावलीत. त्यामुळे समुद्राकाठी राहूनही ड जीवनसत्त्व कमी पडू शकतं. मांड्या-पाठीत ठणका, जमिनीवरून उठताना हाताचा आधार लागणं, ही त्याची लक्षणं असू शकतात.

आधी रक्ताची २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी तपासणी करा. २० नॅनोग्रॅमच्या खाली आकडा आला, तर डॉक्टर बहुधा ६०,००० युनिटची गोळी किंवा पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे देतात.

वार ठरवून कॅलेंडरवर खूण करा, कारण सगळ्यात घातक चूक इथेच होते: आठवड्याची गोळी रोज घेतली जाते. मग रक्तात कॅल्शियम वाढतं. उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी तहान-लघवी, पुढे मूत्रपिंडाला इजा. असं काही जाणवलं तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठा. मुतखडा, मूत्रपिंडाचा आजार किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थात विरघळतं. म्हणून उपाशीपोटी नको. नारळाच्या वाटणाची आमटी किंवा बांगड्याचं तिखलं असलेल्या जेवणानंतर घ्या.

आतड्यातून कॅल्शियम शोषलं जाणं हा याचा खरा फायदा. तेव्हा नाचणी, दूध, काट्यासकट खाता येणारी तारली ताटात हवीच. कमतरता नसताना घेतलेल्या गोळीने मात्र हाडं आणखी बळकट होत नाहीत.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, मग पुढचा डोस.