सुगंधी पाला किती सुकवावा? तेलाचा उतारा आणि दर्जा राखण्याची रीत

गवती चहा किंवा तुळस कापून तेल काढायचे, तर पाला ओलाच डेगेत (वाफेने तेल काढण्याच्या भांड्यात) भरावा की वाळवून? वाळवला की उतारा, म्हणजे पाल्याच्या वजनाच्या किती टक्के तेल निघाले तो आकडा, वाढतो, असे सर्रास सांगितले जाते. या आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नका. समजा, 100 किलो ओल्या पाल्यातून 500 ग्रॅम तेल निघाले. उतारा झाला 0.5 टक्के. तेवढाच पाला वाळून 25 किलो उरला आणि त्यातून 400 ग्रॅम तेल मिळाले, तर उतारा दिसतो 1.6 टक्के. कागदावर तिपटीहून जास्त, प्रत्यक्षात 100 ग्रॅम तेल कमी. म्हणून पहिले काम वजनाचे: कापल्याबरोबर ओल्या पाल्याचे वजन लिहा आणि तेलाचा हिशेब कायम त्याच वजनावर करा.

दुसरे, आपल्या पिकात तेल कुठे असते ते पाहा. सुकवण्याची रीत त्यावरच ठरते. तुळस आणि पुदिन्याचे तेल मुख्यतः पानाच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म ग्रंथींत असते. हात लागताच वास दरवळतो, तो या ग्रंथी फुटल्यामुळे. कडक ऊन, आपटणे, तुडवणे यांनी हे तेल सहज उडते. गवती चहाचे तेल पात्याच्या आतल्या पेशींत असल्याने ते जास्त टिकते. वाळ्याचे तेल मुळांत असते. वाळलेली मुळे डेगेत भरण्याआधी भिजवून घेतात. पचौली या सुगंधी झुडपाची पाने तर सावलीत वाळवल्यावरच चांगले तेल देतात. गुलाबाचे उलटे: फुले पहाटे तोडून त्याच दिवशी डेगेत गेली पाहिजेत.

आता गवती चहाची कृती. पावसात किंवा दवाने भिजलेला असताना कापू नका. दव उतरल्यावर, जमिनीपासून 10 ते 15 सेंमी वर कापा. पाती सावलीत, वारा खेळेल अशा जागी पातळ पसरा आणि अधूनमधून उलटत राहा. ढीग घातला तर आत उष्णता धरते, पाला कुजू लागतो आणि तो आंबूस वास तेलात उतरतो. मग कितीही गाळले तरी जात नाही. साधारण एका दिवसात पाती मलूल होतात. इथेच थांबा. एवढ्याने पाण्याचे ओझे कमी होते, डेगेत जास्त माल बसतो आणि इंधन वाचते. पार कडकडीत वाळवण्याची गरज नाही. पाती बारीक करायची असतील, तर भरण्याच्या अगदी आधी करा, कारण कापलेल्या कडांतून तेल उडू लागते.

तुळशीला अधिक जपावे लागते. शक्यतो ती ओली किंवा काही तास सावलीत सुकवूनच भरा. यंत्रात वाळवायचीच असेल, तर तापमान 40 अंशांच्या आत ठेवा.

फरक फक्त तेलाच्या मापात पडत नाही. तेल म्हणजे अनेक घटकांचे मिश्रण, आणि हलके घटक आधी उडतात. लिमोनीन हा हलका घटक सुमारे 176 अंशांना उकळतो, युजेनॉल हा जड घटक 254 अंशांना. उडायला मात्र उकळावे लागत नाही, साध्या उन्हातही हलके घटक हळूहळू निघून जातात. त्यामुळे जास्त वाळवलेल्या तुळशीच्या तेलातला ताजेपणा हरवतो आणि युजेनॉलचा लवंगी वास वरचढ होतो. गवती चहाच्या तेलाचा भाव मुख्यतः सिट्रलवर, म्हणजे लिंबासारखा वास देणाऱ्या घटकावर ठरतो.

शंका असेल तर एकाच वाफ्यातला पाला दोन सारख्या वजनाच्या भागांत विभागा. एक ओलाच, दुसरा सुकवून, दोन्हींचे तेल वेगवेगळे काढा. तेलाचे माप घ्या, वास घ्या, जमल्यास प्रयोगशाळेत तपासून घ्या.

तेलातले पाणी काढून ते गडद काचेच्या किंवा अॅल्युमिनियमच्या बाटलीत काठोकाठ भरा. हवा आणि उजेड सिट्रलला बिघडवतात. बाटलीवर कापणीची तारीख, सुकवण्याचे तास आणि ओले वजन लिहा, म्हणजे पुढच्या कापणीशी तुलना करता येईल.