लेसरनंतर प्लस नंबर आला तर: दुसऱ्यांदा जाण्याची तयारी

चष्मा घालवायच्या लेसरने माझा मायनस साडेचार नंबर गेला आणि प्लस सव्वा आला. तुमचंही असं झालं असेल तर लगेच दुसऱ्या लेसरचा हट्ट धरू नका. प्लस आला म्हणजे लेसरने जादा दुरुस्ती केली; पहिल्या काही आठवड्यांत ती बरेचदा आपोआप थोडी ओसरते. निदान ३ महिने जाऊ द्या, दोन तपासण्यांत नंबर सारखा आला की मगच परभणीहून संभाजीनगरची गाडी धरा.

आधार, पैसे, सोबतीला माणूस हे कुणी विसरत नाही. विसरते ती पहिल्या ऑपरेशनची फाईल. डिस्चार्ज कार्ड नव्हे, पूर्ण फाईल! ऑपरेशनआधीचा नंबर, कॉर्नियाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची) जाडी, टोपोग्राफीचा म्हणजे त्याच्या उंचसखलपणाचा रंगीत नकाशा, फ्लॅप (लेसरआधी उचललेला कॉर्नियाचा पातळ पापुद्रा) किती जाडीचा कापला, लेसरने किती मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) काढले, हे सगळं तीत हवं. मी ती घरी ठेवून गेलो आणि तसाच परत आलो. फ्लॅपखाली दुसऱ्या लेसरनंतरही किमान २५० मायक्रॉन उरावे लागतात, बरेच डॉक्टर ३०० धरतात. कमी उरले तर कॉर्निया पुढे फुगण्याचा धोका. फाईलच नाही तर डॉक्टरांनी हिशेब कशावर करायचा?

फाईल हाती नसेल तर पहिल्या दवाखान्यात लेखी अर्ज द्या. २००२ च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. उद्यावर टाकू नका, जुने कागद कुणी जन्मभर सांभाळत नाही.

डोळ्याचा जोर सैल करणारे थेंब टाकूनच नंबर काढायला सांगा. तरुण डोळा जोर लावून प्लस नंबर लपवतो, नुसत्या मशीनवर तो कमी दिसतो. थेंबांनी दिवसभर जवळचं धूसर दिसतं आणि आपल्याकडचं ऊन सोसवत नाही. गॉगल न्या, गाडी चालवू नका. कॉन्टॅक्ट लेन्स लावत असाल तर आधी बंद करा, किती दिवस ते डॉक्टरांना फोनवर विचारा. डोळे कोरडे असतील तर आधी त्यावर उपचार. गरोदरपणात किंवा साखर वरखाली होत असताना जाऊच नका, नंबर हलतो.

सोयाबीनच्या राशीच्या दिवसांत तारीख घेऊ नका, धूळ फार. दुसऱ्या लेसरनंतर डोळा चोळायचा नाही, पाणी जाऊ द्यायचं नाही, थेंब वेळेवर. काही आठवडे लांबचं धूसर दिसेल, घाबरू नका.

आणि फाईल पिशवीत टाकली का, निघताना पुन्हा बघा. नवे कागदही तिच्यातच लावा. पुढे मोतीबिंदूच्या भिंगाचा नंबर काढताना हीच फाईल मागतील.