टेक कंपन्या आणि त्यांच्या दानधर्मावर वाद घालताना या चुका टाळा

मध्यंतरी एका ग्रुपवर वाद लागला. विषय साधाच होता, रोजच्या कामाला कुठली ऑपरेटिंग सिस्टिम बरी पडते. तासाभरात गाडी कुठे गेली माहितीये? बिल गेट्स, पोलिओची लस, टॅक्स वाचवायच्या युक्त्या, लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम, आणि मग दोघातिघांनी ग्रुप सोडला. त्यातला एक माणूस खरंच चांगली माहिती असलेला होता, तो गेल्याचं मला अजून वाईट वाटतं. असले वाद मी बरीच वर्षं बघतोय, त्यात उतरलोही आहे, आणि आता खात्रीने सांगू शकतो की बहुतेक वेळा लोकांचं मत चुकीचं नसतं, ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकाच दमात देत असतात, म्हणून भांडण लागतं.

चूक पहिली: तीन प्रश्नांची खिचडी

सॉफ्टवेअर चांगलं आहे का, हा एक प्रश्न. कंपनी बाजारात सरळ वागली का, हा दुसरा. आणि तिच्या मालकाने दिलेल्या पैशातून कुणाचं भलं झालं का, हा तिसरा. या तिघांचा एकमेकांशी संबंध आहे, पण एकाचं उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही.

बिल गेट्स यांच्या मायक्रोसॉफ्टचंच घ्या, कारण नव्वद टक्के वाद तिथेच जातो. मे १९९८ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने आणि बऱ्याच राज्यांनी कंपनीवर खटला भरला. विंडोजच्या जोरावर इंटरनेट एक्सप्लोरर हा आपला ब्राउझर पुढे रेटून नेटस्केप या प्रतिस्पर्धी ब्राउझरला बाजारातून हुसकावलं असा आरोप होता. जून २००० मध्ये न्यायाधीशांनी कंपनीचे दोन तुकडे करा असा आदेश दिला. २००१ मध्ये वरच्या कोर्टाने तो आदेश रद्द केला, पण मक्तेदारी बेकायदा मार्गाने टिकवली हा निष्कर्ष मात्र कायम ठेवला, आणि मग तडजोड झाली. आता वादात एक जण लिहितो "केस हरले", दुसरा लिहितो "केस उडाली", आणि दोघंही अर्धंच सांगत असतात.

त्याच काळात, म्हणजे २००० साली, गरीब देशांतल्या मुलांपर्यंत लसी पोचवणारी गावी ही संस्था सुरू झाली आणि गेट्स यांच्या देणगी देणाऱ्या संस्थेने, म्हणजे गेट्स फाउंडेशनने, तिला सुरुवातीलाच ७५ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. लसीमुळे नेटस्केपवरचा अन्याय पुसला जात नाही आणि नेटस्केपमुळे लस टोचलेलं मूल परत आजारी पडत नाही. ही वजाबाकी करायचीच नसते.

मला वाटतं यात आपल्या भाषेचाही थोडा हात आहे. "दान" म्हटलं की मागोमाग पुण्य येतं, पुण्य आलं की पाप येतं, आणि मग पैसे कुठे गेले, काय झालं हे राहतं बाजूला आणि माणूस स्वर्गात जाणार की नाही यावर चर्चा सुरू होते. मी हल्ली मुद्दाम "देणगी" किंवा सरळ "पैसे दिले" असं लिहितो. करून बघा, वादाचा सूर लगेच बदलतो.

चूक दुसरी: हेतूवर पैज लावणं

"इमेज सुधारायला केलं सगळं." हे वाक्य प्रत्येक वादात येतंच. तारखा बघा. गेट्स कुटुंबाचं पहिलं फाउंडेशन १९९४ चं, म्हणजे खटल्याच्या चार वर्षं आधीचं. त्यामुळे खटल्याला घाबरून फाउंडेशन काढलं हे टिकत नाही. पण रक्कम प्रचंड वाढली ती मात्र खटल्याच्याच काळात, आणि आजचं फाउंडेशन बिल अँड मेलिंडा गेट्स फाउंडेशन या नावाने उभं राहिलं ते २००० साली, हेही तितकंच खरं. यातून हेतू सिद्ध होतो का? नाही होत, ना या बाजूने ना त्या बाजूने. दुसऱ्याच्या मनात काय होतं हे तुम्हाला मला कळणार नाही, त्यामुळे त्यावर रात्र घालवण्यात अर्थ नाही. काय केलं आणि काय झालं एवढं तपासता येतं, तेवढंच धरा.

चूक तिसरी: घोषणा म्हणजे खर्च समजणं

ही सगळ्यात जास्त होणारी चूक, आणि दोन्ही बाजू करतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डिसेंबर २०१५ मध्ये मार्क झकरबर्ग आणि प्रिसिला चॅन यांनी फेसबुकचे आपले ९९ टक्के शेअर हयातीत देऊ असं जाहीर केलं, तेव्हाच्या भावाने ते ४५०० कोटी डॉलर होत होते. लगेच लोकांनी पोस्टी टाकल्या, ४५०० कोटी दान केले म्हणून. तसं झालंच नव्हतं. पुढे टप्प्याटप्प्याने द्यायचं ते वचन होतं, आणि ज्या संस्थेत द्यायचं ठरलं ती धर्मादाय संस्थाही नव्हती, एलएलसी होती, म्हणजे कंपनीचाच एक प्रकार. अशी संस्था देणगी देऊ शकते, पण नफ्याच्या धंद्यात गुंतवणूकही करू शकते आणि राजकीय कामालाही पैसे देऊ शकते. मग दुसऱ्या बाजूने ओरड, टॅक्स बुडवला! तेही घाईचं, कारण एलएलसीत शेअर ठेवल्याने टॅक्समध्ये सूट मिळत नाही, ती मिळते पैसा पुढे धर्मादाय संस्थेला दिल्यावर.

गिव्हिंग प्लेजचंही तसंच. गेट्स आणि गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी २०१० मध्ये सुरू केलेली ही शपथ, निम्म्याहून जास्त संपत्ती हयातीत किंवा मृत्युपत्रातून देईन अशी. कायद्याने ती बांधील नाही, शब्द आहे फक्त. "सही केली म्हणजे दिले" हे चूक, आणि "कायद्याचा धाक नाही म्हणजे ढोंग आहे" हेही चूक, कारण सही करणाऱ्यांपैकी काहींनी खरंच मोठी रक्कम हलवली आहे. विप्रोच्या अझीम प्रेमजींनी मार्च २०१९ मध्ये कंपनीच्या आणखी ३४ टक्के शेअरचं उत्पन्न आपल्या फाउंडेशनच्या नावे केलं. त्यातही बारकावा आहे: शेअरपासून येणारा पैसा दिला, त्याला "एवढे कोटी रोख वाटले" म्हणणं बरोबर नाही.

म्हणून आकडा दिसला की चार गोष्टी विचारायच्या. जाहीर केला, बाजूला काढला, फाउंडेशनमध्ये टाकला, की प्रत्यक्ष कामावर खर्च झाला? चारही वेगळे आकडे असतात, आणि वादात कुणी पहिला धरून बोलतो कुणी चौथा.

तपासायचं कसं? अमेरिकेतल्या खाजगी फाउंडेशनांना दरवर्षी ९९०-पीएफ नावाचा फॉर्म भरावा लागतो आणि तो कुणालाही बघता येतो. पहिल्यांदा उघडलात तर घाबरायला होईल, मोठ्या फाउंडेशनचा फॉर्म शेकडो पानांचा असतो. सगळा वाचू नका. पहिल्या पानावर आकड्यांचे चार कॉलम दिसतील, त्यातला सगळ्यात उजवीकडचा बघा, त्यात धर्मादाय कामासाठी त्या वर्षात खरोखर बाहेर गेलेले पैसे असतात, कबूल केलेले नाहीत. मग मागे जाऊन देणग्यांची यादी बघा: कुणाला, कशासाठी, किती. दहा मिनिटांचं काम आहे आणि त्यानंतर निम्मा वाद आपोआप मिटतो. आणखी एक, या फाउंडेशनांना साधारणपणे मालमत्तेच्या ५ टक्के दरवर्षी द्यावेच लागतात, आणि त्यात काम चालवायचा वाजवी खर्चही धरला जातो. त्यामुळे "पैसे नुसते साठवून ठेवलेत" पूर्ण खरं नाही, पण मूळ रक्कम वर्षानुवर्षं तशीच राहू शकते हे खरं आहे. गेट्स फाउंडेशनने मे २०२५ मध्ये जाहीर केलं की ३१ डिसेंबर २०४५ ला सगळं खर्च करून संस्था बंद करणार. ही पण घोषणाच, तेव्हा वरचा नियम तिलाही लावा.

चूक चौथी: "दान करून उलट कमावतात"

अमेरिकेत वरच्या पट्टीचा केंद्रीय आयकर ३७ टक्के आहे. पण देणगीवरची सूट २०२६ पासून ३५ टक्क्यांवर थांबते, म्हणून शंभर डॉलर रोख दिले तर फार तर ३५ वाचतील, ६५ खिशातून गेलेच. भाव वाढलेले शेअर दिले तर नफ्यावरचा करही वाचतो, म्हणून फायदा आणखी मोठा, पण तरी साधारणपणे देणारा गरीबच होतो, श्रीमंत नाही.

मग आक्षेप घ्यायचा कशावर? नियंत्रणावर घ्या. सूट आज मिळते, खर्च पुढे कधीतरी होतो, आणि मधल्या काळात तो पैसा कुठे जाणार हे देणाराच ठरवतो. गेट्स फाउंडेशन जागतिक आरोग्य संघटनेच्या सगळ्यात मोठ्या देणगीदारांपैकी एक आहे आणि तो पैसा बराचसा ठरावीक कामांसाठी बांधलेला असतो. निवडून न आलेल्या लोकांच्या पसंतीने जगाच्या आरोग्याचे प्राधान्यक्रम हलावेत का? हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि "टॅक्स चोर" या दोन शब्दांखाली तो दरवेळी गाडला जातो याचा मनापासून त्रास होतो.

चूक पाचवी: सगळं श्रेय नाहीतर सगळा दोष एकाच माणसाला

"गेट्सने पोलिओ संपवला." नाही हो. रोटरीने पोलिओचं काम १९८५ मध्ये हातात घेतलं, जागतिक मोहीम १९८८ मध्ये सुरू झाली, तेव्हा वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास मुलं या रोगाने लुळी पडत होती. गेट्स फाउंडेशन नंतर आलं आणि पैसा भरपूर ओतला, त्याचं मोल आहेच. पण दारोदार जाऊन थेंब पाजणाऱ्या बाया, सरकारी यंत्रणा, रोटरीचे स्वयंसेवक, यांना एका वाक्यात पुसून टाकू नका.

उलट बाजूनेही हेच. गेट्स जानेवारी २००० मध्ये सीईओपदावरून उतरले, २००८ मध्ये रोजच्या कामातून आणि मार्च २०२० मध्ये संचालक मंडळातून बाहेर पडले. आजच्या विंडोजमधल्या जाहिरातींचा राग त्यांच्या फाउंडेशनवर काढणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

जुनी तारीख धरून बसू नका हेही यातच आलं. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या तेव्हाच्या सीईओने लिनक्सला कॅन्सर म्हटलं होतं. २०१६ मध्ये तीच कंपनी लिनक्सच्या कामाला आधार देणाऱ्या लिनक्स फाउंडेशनची सभासद झाली, २०१८ मध्ये तिने गिटहब, म्हणजे प्रोग्रॅमर लोक आपला कोड जिथे ठेवतात ती साइट, विकत घेतलं. आता यामुळे तिच्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही, पण वाद २००१ चा घालताय की आजचा ते आधी ठरवा.

चूक सहावी: मोफत आणि मुक्त एकच समजणं

इथे मराठी आपल्या मदतीला येते. इंग्रजीत दोन्हीला "फ्री" हा एकच शब्द असल्याने तिकडे चाळीस वर्षं घोळ चालू आहे, आपल्याकडे दोन स्वच्छ शब्द आहेत. एखादी कंपनी आपलं महागडं सॉफ्टवेअर शाळेला फुकट देते ते मोफत. त्या देणगीची किंमत कंपनी छापील दराने सांगते, पण एक जास्तीची कॉपी काढायला तिला जवळपास काहीच लागत नाही, आणि मुलांना त्याच सॉफ्टवेअरची सवय लागते ती वेगळी. आत काय आहे ते बघता येतं, बदलता येतं, पुढे देता येतं ते मुक्त. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू हा मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमचा प्रकल्प जाहीर केला तो या दुसऱ्या अर्थासाठी.

आणि मुक्त म्हणजे बिनखर्ची नव्हे, ही गोष्ट तर लोक हमखास विसरतात. ओपनएसएसएलचं उदाहरण मी दरवेळी देतो. इंटरनेटवरच्या असंख्य सर्व्हरचं कुलूप म्हणावं असं हे सॉफ्टवेअर. त्यात एक सोय होती, समोरचा जागा आहे का ते विचारायची: "पाच अक्षरांचा हा शब्द मला परत पाठव." आता कुणी पाच अक्षरं पाठवून "चौसष्ट हजार अक्षरांचा शब्द आहे, परत पाठव" असं खोटं सांगितलं तर? प्रोग्रॅम मोजून बघतच नव्हता. तो पाच अक्षरं द्यायचा आणि पुढची भरती स्वतःच्या मेमरीत जे काही शेजारी पडलंय त्यातून करायचा, मग त्यात कुणाचा पासवर्ड असो की गुप्त किल्ली. हार्टब्लीड नावाने हे एप्रिल २०१४ मध्ये उघड झालं, दोनेक वर्षं तसंच चालू होतं. तोवर या प्रकल्पाला वर्षाला निव्वळ देणगी म्हणून मिळत होते सुमारे २००० डॉलर. त्यावर अब्जावधींचा धंदा करणाऱ्या कंपन्या होत्या! त्यानंतर त्याच महिन्यात गूगल, मायक्रोसॉफ्ट, फेसबुक वगैरेंनी लिनक्स फाउंडेशनमार्फत अशा प्रकल्पांसाठी निधी काढला.

देणगी देताना नीट वाचा, हेही सांगून टाकतो. मोझिला फाउंडेशनला दिलेल्या देणगीतून फायरफॉक्स हा ब्राउझर बनत नाही, तो मोझिला कॉर्पोरेशन बनवते आणि तिचा पैसा मुख्यतः सर्च इंजिनांशी केलेल्या करारातून येतो. देणगी देऊ नका असं नाही, कशाला देताय ते माहीत असू द्या.

वाद अडकलाच तर

समोरचा मुद्दा बदलत राहिला की वरच्या तीन प्रश्नांपैकी एक निवडायला सांगा आणि तुम्हीही त्यावरच राहा, मोह झाला तरी.

आकड्याचा पुरावा मागितल्यावर माणूस चिडला तर "तू खोटं बोलतोस" असं लिहू नका, "हा जाहीर केलेला आकडा की खर्चाचा?" एवढंच विचारा. बऱ्याचदा त्यालाच माहीत नसतं आणि तो शोधायला जातो.

"हे शेअर करा, कंपनी प्रत्येक शेअरमागे पैसे देईल" असं काही आलं तर वाद घालूच नका. नव्वदच्या दशकात ईमेल पुढे पाठवा, गेट्स पैसे देतील अशी अफवा होती, तीच कपडे बदलून अजून फिरतेय.

आणि तुमचाच आकडा चुकीचा निघाला तर जुना मेसेज डिलीट करू नका. तो तसाच ठेवून खाली लिहा, "माझा आकडा चुकला, बरोबर हा आहे." डिलीट केलात तर खालची दहा उत्तरं हवेत लटकतात आणि उद्या येऊन वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.