इसबाच्या खाजेवर ओट्सचं दुधाळ पाणी

इसबाने (एक्झिमाने) त्वचा लाल झाली, भेगाळली की जो जे सांगेल तो पाला वाटून लावला जातो. चरचरलं की म्हणतात, औषध लागू पडतंय. तसं मुळीच नसतं. सुजलेल्या त्वचेचं संरक्षक कवच आधीच कमकुवत झालेलं असतं, चरचरण्याने ते आणखी दुखावतं. म्हणून लसूण आणि लिंबू बाजूलाच ठेवा. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर फोडसुद्धा येतात.

मला सगळ्यात भरवशाचे वाटतात ते ओट्स. त्यांच्या बारीक पिठाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) २००३ मध्ये त्वचारक्षक घटक म्हणून मान्यता दिली. त्यातलं बीटा-ग्लुकन हे तंतुमय द्रव्य त्वचेवर ओलावा धरून ठेवतं.

साधे ओट्स घ्या, साखर किंवा मसाला घातलेले नकोत. मिक्सरमध्ये अगदी वस्त्रगाळ दळा. चमचाभर पीठ पेलाभर पाण्यात ढवळून बघा. पाणी दुधासारखं पांढरं झालं तर जमलं. पीठ तळाशी बसलं तर पुन्हा दळा. ही परीक्षा चुकवू नका, सगळा गुण या बारीकपणात आहे.

पहिल्यांदा वापरताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून दोन दिवस वाट पाहा. ओट्सची अ‍ॅलर्जी असेल तर हा उपाय तुमच्यासाठी नाही.

मग लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे पीठ कालवा. गरम पाणी नको, त्याने खाज वाढते. मऊ सुती कापड त्यात भिजवून १०-१५ मिनिटं जागेवर ठेवा. नंतर न चोळता टिपून घ्या आणि त्वचा ओलसर असतानाच बिनवासाचं मलम किंवा व्हॅसलीन लावा. ही शेवटची पायरी गाळलीत तर त्वचा पुन्हा कोरडी पडते. उरलेलं पाणी टाकून द्या.

कोरफडही चालते, पण पान कापून १५ मिनिटं उभं ठेवा. खाली गळणारा पिवळा चीक त्वचेला झोंबतो. तो धुऊन फक्त पारदर्शक गर घ्या.

डॉक्टरांचं मलम चालू असेल तर ते मनाने थांबवू नका. पू, ताप किंवा झपाट्याने पसरणारी लाली दिसली, तर घरी काही न लावता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. कडा उठलेला गोल चट्टा असेल तर तो बहुधा गजकर्ण असतो. ती बुरशी आहे, तिला बुरशीनाशक औषधच लागतं.