बोर्डावर महिला संचालक नेमताना या चुका टाळा

मार्चअखेरीला नवी मुंबईतल्या महापेच्या एका कंपनीच्या मालकांचा फोन आला. "मॅडम, उलाढाल तीनशे कोटींच्या वर जातेय. सीए म्हणतात, बोर्डावर लेडी डायरेक्टर लागेल. मिसेसचं आधार-पॅन पाठवू का?" मी कंपनी सेक्रेटरी आहे, म्हणजे कंपन्या कायदा नीट पाळतायत ना ते बघते. वागळे इस्टेट, रबाळे, तुर्भे इथून असे फोन दरवर्षी येतात, त्यामुळे गाडी नेमकी कुठे अडते ते आता पाठ झालंय.

आधी तुम्हाला नियम लागू होतो का ते तपासा. कंपनी कायदा 2013 च्या कलम 149 आणि त्याखालच्या नियमांनुसार प्रत्येक लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपनीत किमान एक महिला संचालक हवी. लिस्टेड नसलेल्या पब्लिक कंपनीचं भरणा झालेलं भांडवल किमान 100 कोटी किंवा उलाढाल किमान 300 कोटी असेल, तर तिलाही हे बंधन आहे. प्रायव्हेट लिमिटेडला नाही. पण तुमची प्रायव्हेट कंपनी एखाद्या पब्लिक कंपनीची उपकंपनी असेल, तर कायदा तिला पब्लिकच धरतो. इथे बरेच जण फसतात. बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 लिस्टेड कंपन्यांना शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या नियमानुसार एक महिला स्वतंत्र संचालक लागते, म्हणजे मालकांशी नातं किंवा पैशाचे संबंध नसलेली. पहिल्या 500 ना हा नियम 1 एप्रिल 2019 पासून लागू झाला, बाकीच्यांना 2020 पासून. या जागेवर घरची व्यक्ती चालत नाही.

"मिसेसचं नाव टाकू"

बाकी कंपन्यांत बायकोला संचालक करायला कायद्याची आडकाठी नाही. ज्या वहिनी वीस वर्षं कंपनीचा हिशेब सांभाळतायत, त्यांना तर तुम्ही केव्हाच बोर्डावर घ्यायला हवं होतं. चूक होते ती काहीही न सांगता त्यांची सही घेण्यात.

2017 मध्ये सरकारने देशभरातले तीन लाखांहून जास्त संचालक अपात्र ठरवले. त्यांच्या कंपन्यांनी सलग तीन वर्षं ताळेबंद किंवा वार्षिक विवरणपत्र भरलं नव्हतं. तेव्हा ठाण्याच्या एक ताई माझ्याकडे आल्या होत्या. त्यांना स्वतःच्या केटरिंगच्या धंद्याची कंपनी काढायची होती, पण नणंदेच्या यजमानांच्या कंपनीत त्यांचं नाव संचालक म्हणून होतं आणि ते अपात्र यादीत निघालं. पाच वर्षं दुसऱ्या कंपनीत संचालक होता येणार नव्हतं. ती कंपनी काय करते, असं मी विचारलं. "पिवळी चिठ्ठी लावलेली असायची, तिथे मी सही करायचे," एवढंच त्या सांगू शकल्या. बोलताना हातातल्या पिशवीचा बंद पिळत होत्या. तेव्हापासून संमतीच्या अर्जावर सही घेण्याआधी मी त्या बाईशी स्वतः बोलते, आणि तेव्हा नवऱ्याला बाहेर बसायला सांगते. महापेच्या वहिनींशीही बोलले. त्या म्हणाल्या, "तीन वर्षांचे ताळेबंद पाठवा, वाचते आणि मग सांगते." मला फार बरं वाटलं.

"लायक बाई मिळतच नाही"

शोधलं कुठे, हे आधी विचारा. बहुतेक वेळा चार मित्रांना फोन केलेला असतो. कॉर्पोरेट मंत्रालयाच्या आयआयसीए संस्थेकडे स्वतंत्र संचालकांची डेटाबँक आहे, तिथे बघा. आणि "आधी एमडी असलेली हवी" ही अट काढा. बायका एमडीच्या खुर्चीपर्यंत पोचल्याच कमी, मग त्या अटीत बसणार कोण? तुमच्या बोर्डाला काय कळत नाही ते लिहून काढा: निर्यात, कामगार कायदा, कर, सायबर सुरक्षा. ते जिला येतं ती शोधा.

महिला संचालकाने राजीनामा दिला, तर तिची जागा पुढच्या बोर्ड मीटिंगपर्यंत किंवा तीन महिन्यांत, यातलं जे नंतर येईल तोवर भरावी लागते. तेव्हा धावाधाव नको म्हणून दोन-तीन नावं आधीच हाताशी ठेवा.

"मॅडम मीटिंगमध्ये बोलतच नाहीत"

ही तक्रार मी फार ऐकते. कागद कधी पाठवले ते बघितलं, की ऐंशी पानांची पीडीएफ आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर गेलेली असते. मीटिंगची नोटीस किमान सात दिवस आधी जायलाच हवी, विषयांचे कागदही तेव्हाच पाठवा.

कधी त्या बोलतात, पण कोणी ऐकत नाही. एका मीटिंगमध्ये महिला संचालकाने मालकांच्या भावाच्या फर्मला दिलेल्या कर्जाचं व्याज विचारलं. सीएफओंनी (कंपनीच्या वित्तप्रमुखांनी) उत्तर दिलं ते अध्यक्षांकडे बघून. इतिवृत्ताच्या मसुद्यात तो प्रश्नच नव्हता. मी तो घालून मसुदा परत पाठवला. एखाद्या संचालकाने ठरावाला विरोध केला, तर तो नावानिशी नोंदवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. प्रश्नही नोंदवायची सवय लावा. शिवाय महिला संचालकाला फक्त सीएसआर, म्हणजे समाजकार्याच्या खर्चाच्या, समितीवर बसवू नका. पैसा आणि नेमणुका ठरतात ऑडिट आणि नॉमिनेशन समितीत.

खालची शिडीच नाही

माझ्या मते सगळ्यांत मोठी चूक हीच आहे, आणि ती बोर्डरूमच्या बाहेर होते. बाईला एचआर, अकाउंट्स, क्वालिटीत ठेवायचं, उत्पादन आणि विक्रीपासून लांब ठेवायचं, आणि पंधरा वर्षांनी म्हणायचं की प्लांट हेडसाठी एकही बाई उमेदवार नाही. रिव्ह्यू मीटिंग संध्याकाळी साडेसहाला लावायची, जेव्हा तिला रबाळ्याहून ठाण्याची गाडी गाठून सातच्या आत पाळणाघरात पोचायचं असतं. ती सकाळी दहाला लावून बघा. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करणं कायद्याने तुमची जबाबदारी आहे, तेही तपासा. सव्वीस आठवड्यांच्या रजेच्या वर्षी बढतीची यादी बनवताना तिचं नाव आपोआप गळत नाही ना, तेही बघा.

काही वेळा चूक मायेपोटी होते. माझ्या ओळखीची एक प्रॉडक्शन इंजिनिअर बाळंतपणाची रजा संपवून आली, तर तिचं टेबल डॉक्युमेंटेशनला हलवलेलं. "तुला सोपं पडावं म्हणून," साहेब म्हणाले. तिला विचारलं नव्हतं. सहा महिन्यांनी तिने लाइनवर परत कधी घेताय असं विचारलं, तोवर तिथे तिचा ज्युनियर बसला होता. आज तो त्या कंपनीचा प्लांट हेड आहे.